गांडूळखताचा अर्क : भुरीवर चालला, डावणीवर नाही. असं का?

ओलांडा

राम राम मंडळी. तीन वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

दिंडोरी तालुक्यात आमची साडेतीन एकर थॉमसन द्राक्षं आहेत. निर्यातीची नाही. लोकल मार्केटला जाते, उरलेली बेदाण्याला. औषधांचं बिल बघून दरवर्षी पोटात गोळा येतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी गोठ्यामागे गांडूळखताचे दोन बेड टाकले, 12 बाय 4 बाय 2 फुटाचे, बाजारात मिळतात तेच. खत बागेला जातच होतं. यंदा वाटलं, याचा अर्क करून द्राक्षाच्या भुरी-डावणी या रोगांसाठी पानांवर मारून बघावा. अमेरिकेत म्हणे यावर पेटंट वगैरे घेतलेत लोकांनी.

कृती अशी. एक किलो चाळलेलं, चहापुडीसारखं दाणेदार झालेलं खत दहा लिटर पाण्यात चोवीस तास. मासे ठेवतात त्या टाकीचा हवेचा पंप त्यात सोडला. मग आबांच्या जुन्या धोतरातून वस्त्रगाळ. पहिल्या खेपेला धोतर एकेरी धरलं आणि ट्रॅक्टरमागच्या फवारणीच्या ब्लोअरचे निम्म्याहून जास्त नोझल बंद पडले. भर उन्हात बांधावर बसून एकेक नोझल तारेने कोरत होतो आणि धाकटे काका ट्रॅक्टरवर बसून, "अर्क झाला का रे पिऊन?" विचारत होते. दुसऱ्या खेपेपासून धोतर दुहेरी.

ऑक्टोबरच्या गोडी (फळांसाठीच्या) छाटणीनंतर चार ओळींना दर सात दिवसांनी अर्क मारला. शेजारच्या दोन ओळी कोऱ्या ठेवल्या, काहीच नाही. विसाव्या दिवसाच्या आसपास पावसाने गाठलं आणि डावणी आली. पान उन्हाकडे धरलं की तेलाचा थेंब पडल्यासारखे पिवळे डाग, सकाळी पान उलटं केलं की खाली पांढरा कापूस. अर्काच्या ओळी आणि कोऱ्या ओळी, दोन्हीकडे सारखीच. घड हातचे जातात की काय असं वाटलं, तेव्हा प्रयोग गुंडाळून सगळ्या बागेला डावणीचं रीतसर औषध मारलं.

पुढे डिसेंबरात ढगाळ हवा पडली, भुरी सुरू झाली. तेव्हा परत त्याच चार ओळींना अर्क, त्याच दोन कोऱ्या. या वेळी फरक डोळ्यांना दिसला. कोऱ्या ओळीत मण्यांवर राख, अंगठ्याने पुसली की बोटाला लागते. अर्काच्या ओळीत शोधावी लागत होती.

एकाच बागेत, एकाच अर्काने एक रोग हटतो आणि एक हलत नाही. कोणी सांगेल का असं का?

•

वाचनमात्र

वाचतोय. धोतराचा किस्सा भारी.

•

चाळकरी

आबांना विचारून घेतलं होतं ना धोतर?

आम्ही देवळ्याकडचे, कांदेवाले. मी असाच अर्क फुलकिड्यांवर मारला मागच्या रब्बीला. त्यात अर्धा किलो गूळ घातला होता, फेस काय येतो राव, नुसती ताकाची घुसळण. पण रात्री लाईट गेली ती सकाळी आली. पंप बंद. सकाळी झाकण काढलं तर गटार उघडल्यासारखा वास. म्हटलं दोनशे लिटर केलंय, फेकायचं कसं, मारून टाकू. आठ दिवसांनी पातीचे शेंडे करपले. आता ते अर्काने करपले का करप्याने, देव जाणे. फुलकिडे मात्र मजेत होते.

•

सूक्ष्मदर्शक

ओलांडा, प्रश्न फार चांगला आहे. वनस्पतिरोगशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आता कॉलेज रोडवर निवृत्त बसलोय, त्यामुळे लांबण लागली तर कंटाळू नका.

भुरी आणि डावणी यांची नावं आपण जोडीने घेतो, पण त्यांचं नातं कांदा आणि बटाट्याइतकंसुद्धा नाही. भुरी ही खरी बुरशी, एरिसिफी नेकेटर. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, म्हणजे किड्यांच्या आणि खेकड्यांच्या कवचात असतं तेच. डावणी घडवणारा प्लाझ्मोपारा व्हिटिकोला बुरशीसारखा दिसतो, पण ती बुरशी नव्हे. तो ऊमायसीट गटातला, शेवाळाच्या जवळचा. त्याची भित्तिका मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकनची, कायटिन जवळजवळ नाहीच. म्हणून तर मेटॅलॅक्झिल डावणीला चालतं पण भुरीला नाही, आणि गंधक किंवा हेक्झाकोनॅझोल भुरीला चालतं पण डावणीला नाही. हे तुम्हा बागाईतदारांना दुकानदाराच्या फळीवरून माहीतच आहे, कारण तेवढं हे.

आता गांडूळखत. गांडुळाच्या आतड्यातून आणि त्याच्या विष्ठेतून जे जिवाणू बाहेर पडतात त्यांतले बरेच कायटिनेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार करतात. ते कायटिन तोडतं. कॅलिफोर्नियातल्या एका गांडूळपालकाने अमेरिकेत जे पेटंट घेतलं त्याचा कणा हाच : गांडूळखतातल्या कायटिनेजमुळे किडी झाडापासून दूर राहतात. तुमच्या कानावर आलंय ते बहुधा हेच. त्या हिशेबाने बघितलं तर तुमचं निरीक्षण अगदी चपखल बसतं. भुरीत कायटिन आहे, अर्क चालला. डावणीत नाही, नाही चालला.

इतकं चपखल बसतं की मला शंका येते.

पहिली शंका. कायटिनेज हे प्रथिन. उघड्या पानावर, उन्हात, वाळलेल्या थरात ते किती वेळ काम करणार? किडीच्या अंगावर तर वरून मेणाचा थर असतो, त्याखाली कायटिन. विकर वरून शिंपडलं आणि किडा विरघळला, असं होत नाही.

दुसरी शंका मोठी. तुमच्या कोऱ्या ओळी खरोखर कोऱ्या होत्या. त्यांच्यावर साधं पाणीसुद्धा पडलं नाही. भुरीला पानावर वाहतं पाणी मानवत नाही, तिचे बीजाणू पाण्याने धुतले जातात, फुटतात. तुम्ही दर सात दिवसांनी ब्लोअरने चार ओळी धूत होतात. मग भुरी अर्काने गेली की आंघोळीने?

•

ओलांडा

सर, हे वाचून दहा मिनिटं गप्प बसलो.

साध्या पाण्याची ओळ ठेवली नव्हती. डोक्यातच आलं नाही.

•

पोंगा

सरांचा प्रतिसाद जपून ठेवलाय. पण मला धाग्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल बोलायचंय.

मी पिंपळगाव बसवंतच्या बाजूचा, माल युरोपला जातो. आमच्याकडे सगळं रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशांच्या, रिपोर्टवर चालतं. 2010 साली क्लोरमेक्वाटच्या अंशांवरून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती, ते वर्ष आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. लिहोसिन म्हणून सर्रास मारत होते लोक, ते किडीचं औषधही नाही, वाढ रोखायचं संजीवक. कोणाला कल्पनाच नव्हती की ते तिकडे मोजतील.

त्यानंतर "जैविक" बाटल्यांचा पूर आला. दोन वर्षांपूर्वी मीपण घेतली एक. वर लिहिलेलं, शंभर टक्के वनस्पतीजन्य, रेसिड्यू फ्री. आत काय ते कुठेच लिहिलेलं नाही. पिठ्या ढेकणावर रिझल्ट इतका झटपट आला की तेव्हाच समजायला हवं होतं. कंटेनरच्या आधी नमुना दिला आणि मी आयुष्यात न मारलेलं कीटकनाशक रिपोर्टात निघालं. माल लोकलला द्यावा लागला, किलोला मिळाले त्यात मजुरी सुटली इतकंच. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. बाटलीवर कीटकनाशक म्हणून नोंदणीच नव्हती, मग तक्रार तरी कुठल्या कायद्याखाली करता? "टॉनिक आहे साहेब."

त्यामुळे घरच्या बेडचा अर्क हा विषय मला पटतो. निदान आत काय आहे ते आपल्याला माहीत. फक्त एक : दशपर्णी (दहा झाडपाल्यांच्या) अर्कात काही जण तंबाखू घालतात. निर्यातीच्या मालावर चुकूनही नको. तंबाखू वनस्पतीच आहे, पण रिपोर्टात निकोटीन म्हणून येते.

•

कलम_तीन

पोंगाभाऊ, तुमच्या "कुठल्या कायद्याखाली" या प्रश्नाला थोडं उत्तर आहे. कीड मारण्याचा दावा करून विकलं की 1968 चा कीटकनाशक कायदा लागतो, नोंदणी हवी. "टॉनिक" म्हणून विकणाऱ्यांसाठी बरीच वर्षं मोकळं रान होतं, पण फेब्रुवारी 2021 मध्ये बायोस्टिम्युलंट, म्हणजे वाढीची असली टॉनिकं, खत नियंत्रण आदेशात आणले. कागदावर रान कमी झालंय. दुकानाच्या फळीवर किती झालंय ते तुम्हीच सांगाल.

पेटंटबद्दल. मी वकील, शेतीतलं काही कळत नाही, पण हा भाग माझ्या घरचा. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात शोध कशाला म्हणायचं नाही त्याची यादी आहे. त्यात शेतीची किंवा बागकामाची पद्धत येते, आणि पारंपरिक ज्ञानही येते. म्हणजे "गांडूळखताचा अर्क काढून पानांवर मारण्याची पद्धत" असा अर्ज अमेरिकेत चालून जाईल, इथे तोंडावर परत येईल. ओलांडा, तुमच्या दुहेरी धोतराला भारतात संरक्षण नाही, क्षमस्व.

कडुनिंबाचं प्रकरण आठवत असेलच. कडुनिंबाच्या तेलाने बुरशी आटोक्यात आणण्याचं युरोपियन पेटंट 1994 मध्ये अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना मिळालं होतं. भारतातून लढा झाला, 2000 मध्ये ते रद्द झालं, आणि त्यावरचं अपील 2005 मध्ये फेटाळलं गेलं. मुद्दा एवढाच होता की हे आमच्याकडे आधीपासून करतात, यात नवं काय.

•

देशीगाय

सगळे एवढे शास्त्र सांगतात पण मूळ कोणी बोलत नाही. बेडमधला तो विदेशी जंतू गांडूळ नाहीच. नैसर्गिक शेतीवाले पाळेकर गुरुजी किती वर्षांपासून सांगताहेत. तो माती खात नाही, जमिनीत भोकं पाडत नाही, शेण आणि कचरा खातो. खरं गांडूळ देशी, ते जिवामृताने आपोआप वर येतं. दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. बेड कशाला आणि पंप कशाला.

•

चाळकरी

बेसन दोन किलो म्हटल्यावर आमची मंडळी भज्यांचा हिशेब मांडते.

•

सूक्ष्मदर्शक

देशीगाय, तुमच्या म्हणण्यातला निम्मा भाग बरोबर आहे. बेडमध्ये सहसा असतो तो आयसेनिया फेटिडा, तो बाहेरून आला आणि तो पृष्ठभागावर, कुजणाऱ्या शेणात राहणारा आहे. जमिनीत खोल बिळं करणारी गांडुळं वेगळी, त्यांचं काम वेगळं. डार्विनने 1881 साली गांडुळांवर लिहिलं ते जमीन उलटीपालटी करणाऱ्या गांडुळांबद्दल. पण तो "गांडूळ नाहीच" हे प्राणिशास्त्रात बसत नाही. आणि पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस हा तर आपल्याकडचाच, तोही वरच्या थरातच राहतो. चेन्नईच्या डॉ. सुलतान इस्माईल यांनी स्थानिक गांडुळांवरच सगळं काम उभं केलं. व्हर्मीवॉशचं, म्हणजे गांडुळांच्या थरातून झिरपलेल्या पाण्याचं, त्यांचं साधन फार साधं आहे : तळाला तोटी बसवलेला ड्रम, खाली विटांचे तुकडे, त्यावर वाळू, त्यावर माती, मग शेण, पेंढा आणि गांडुळं. वर भोकं पाडलेलं भांडं टांगायचं, रात्रभर थेंब थेंब पाणी. महादेवाच्या पिंडीवर गळती असते ना, तशी. सकाळी तोटी उघडायची. पंप नाही, वीज नाही.

चाळकरी, गुळाबद्दल मात्र गंभीरपणे. अर्कात गूळ किंवा मळी घातली की जिवाणू भराभर वाढतात, पण ते कुठले वाढावेत हे आपल्या हातात नाही. शेणातून आलेला ई. कोलाय असेल तर तोही गुळावर पोसतो. अमेरिकेत सेंद्रिय मानकांसाठी नेमलेल्या गटाने 2004 मध्ये कंपोस्ट टीबद्दल (कंपोस्टच्या अर्काबद्दल) हीच धोक्याची सूचना दिली होती. जमिनीत ओतायचं तर एक वेळ चालेल. द्राक्षाच्या घडावर, कोथिंबिरीवर, काकडीवर, म्हणजे जे आपण न शिजवता खातो त्यावर, गूळ घातलेला अर्क काढणीच्या आसपास नको. आणि वास आला की फेकायचा. दोनशे लिटर असला तरी.

बेडच्या खालून जो काळा पाझर येतो तोही व्हर्मीवॉश नव्हे. त्यात अर्धवट कुजलेलं सगळं असतं. पुष्कळ जण तोच बाटलीत भरून विकतात.

•

कुंडीतली_मिरची

मी इंदिरानगरला राहते, शेत नाही, गच्ची आहे. तीस कुंड्या आणि एक बेड, तोही जुन्या फ्रिजच्या आडव्या खोक्यात. (हसू नका, आतून उष्णतारोधक असतं, मे महिन्यात गांडुळं जगतात. तळाला भोकं मात्र पाडली.)

सरांची साध्या पाण्याची गोष्ट वाचून राहवलं नाही. माझ्याकडे काकडीचे नऊ वेल आहेत आणि जानेवारीत त्यांच्यावर भुरी येतेच येते. तीन वेलांना काही नाही, तीन वेलांना साधं पाणी, तीन वेलांना अर्क. आजपासून सुरू करते. सकाळीच मारेन, म्हणजे पानं दुपारपर्यंत कोरडी. आईला सांगितलंय की वेलांना हात लावायचा नाही.

सर, दुधाबद्दल काय मत? एका ओळखीच्यांनी सांगितलं, पाण्यात दूध घालून मारा.

•

सूक्ष्मदर्शक

दुधाला आधार आहे. ब्राझीलच्या बेत्तिओल यांनी 1999 मध्ये झुकिनीच्या भुरीवर ताज्या दुधाचे प्रयोग प्रसिद्ध केले, दहा टक्क्यांच्या आसपासचं प्रमाण चांगलं चाललं होतं. पण गच्चीवर दुधाचा वास आणि मुंग्या, तुमचं तुम्ही बघा. या खेपेला तीनच गट ठेवा. चौथा घातलात तर दोन-दोन वेल वाटणीला येतील आणि काहीच कळणार नाही.

ओलांडा, तुमच्यासाठी अजून एक. ओहायो स्टेट विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स आणि नॉर्मन अरँकॉन यांनी गांडूळखताच्या अर्कावर बरंच काम केलं. 2010 मध्ये त्यांचा एक शोधनिबंध आला : टोमॅटो आणि काकडीवर मावा, पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी, तिन्ही कमी झाले. 5, 10 आणि 20 टक्के अर्क. पण लोक यातली एक गोष्ट सांगायची विसरतात. तो अर्क त्यांनी पानांवर फवारला नव्हता, मुळाशी ओतला होता. त्यांचा तर्क असा की अर्कातली फिनॉलसारखी द्रव्यं झाड मुळावाटे घेतं आणि मग ते झाड किडीला बेचव लागतं. प्रयोग हरितगृहातले, कुंडीतले. दिंडोरीच्या बागेत तसंच होईल असं मी म्हणणार नाही. पण तुमच्याकडे ठिबक आहे, त्यातून खत सोडायची व्हेंचुरी आहे. ब्लोअर कशाला?

•

पोंगा

ठिबकमधून सोडायचा तर धोतर चौपदरी लागेल. ड्रिपर बंद पडले तर नोझलसारखे तारेने कोरता येत नाहीत.

•

ओलांडा

फिल्टर आहे, पण हो, आधी एका लॅटरलवर (ठिबकच्या एका नळीवर) बघतो.

सर, एक जुनी गोष्ट राहून गेली, तुमच्या बोलण्यावरून आठवली. मागच्या एप्रिलात खरड छाटणीनंतर बागेतला पाला आणि बारीक काडी गोळा करून बेडमध्ये टाकली. फुकटचं खाद्य. तिसऱ्या दिवशी पहाटे धार काढायला गोठ्यात गेलो तर बेडच्या कडांवर गांडुळांच्या नुसत्या माळा. बाहेर पडून शेणावर, फरशीवर, बादलीखाली. कोंबड्यांची दिवाळी झाली. मला वाटलं उष्णता वाढली म्हणून पाणी मारलं, तरी थांबेनात. एक बेड जवळजवळ रिकामा झाला. कारण आजवर कळलं नाही. छाटणीच्या आधी बोर्डो मारला होता तेवढं आठवतं.

•

सूक्ष्मदर्शक

बहुधा तुम्हीच कारण सांगितलंत. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं गांडुळांना सोसत नाही, ही द्राक्षाच्या देशांतली जुनी डोकेदुखी आहे. ताजा पाला गरम होतो तेही असेल, पण पाणी मारूनही थांबले नाहीत म्हणता, म्हणजे माझा संशय तांब्यावर.

गंमत बघा. डावणी अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचली 1878 च्या सुमारास. बोर्दोच्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी हात मारू नये म्हणून मोरचूद-चुन्याचं निळं पाणी शिंपडायची पद्धत होती. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं हिरवी आहेत आणि आतल्या झडल्यात. 1885 मध्ये त्यांनी ते मिश्रण प्रसिद्ध केलं. ते डावणीवर आजही चालतं, कारण तांब्याला भित्तिका कायटिनची आहे की सेल्युलोजची याच्याशी देणंघेणं नाही. पण तांबं कुठे जात नाही, वर्षानुवर्षं मातीत साठत राहतं. युरोपने आता सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातलीय, तीही सेंद्रिय शेतीला धरून.

तेव्हा बोर्डो मारा, एक टक्क्याला मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, शंभर लिटर पाणी, आणि लोखंडी विळा बुडवून तांबूस होतो का बघून चुना वाढवा, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. फक्त तो पाला बेडमध्ये नको.

•

ओलांडा

आबा विळाच बुडवायचे. मी पीएच पट्टी आणतो आणि ते मला हसतात.

•

देशीगाय

बघा, मी म्हणत होतो, निसर्गात ढवळाढवळ केली की असंच होतं.

•

चाळकरी

भाऊ, द्राक्षाचा वेल तारेवर चढवला तिथेच ढवळाढवळ झाली. आता कुठपर्यंत मागे जायचं बोला.

•

कुंडीतली_मिरची

तीन आठवडे झाले. निकाल लिहिते, जसा आहे तसा.

काही न मारलेले तीन वेल : खालची पानं पांढरी फटक, दोन वेलांची वाळायला लागलीत. साध्या पाण्याचे तीन : भुरी आहे, पण ठिपक्या-ठिपक्यांनी. अर्काचे तीन : भुरी साध्या पाण्यापेक्षा थोडी कमी. थोडीच. दोन शेजाऱ्यांना न सांगता ओळखायला लावलं, तर दोघांनी "काही नाही"वाले झटक्यात ओळखले. पाणी आणि अर्क यांत एकाने उलटं सांगितलं.

एक गोष्ट मात्र खरी, अर्काच्या वेलांचा हिरवा रंग जास्त गडद आहे. ते खतामुळे असेल, नाही का?

आईने तिसऱ्या गटातली एक काकडी तोडून कोशिंबीर केली. सर, गूळ घातला नव्हता.

•

सूक्ष्मदर्शक

ताई, शेजाऱ्यांना न सांगता ओळखायला लावलंत, यासाठी तुम्हाला पूर्ण गुण. रंग नत्रामुळे असू शकतो, हो.

आता कोणी हे वाचून द्राक्षबागेला रोज संध्याकाळी पाणी मारायला सुटू नका. भुरी धुतली जाईल, पण पान रात्रभर ओलं राहिलं तर डावणी दारात उभीच आहे. निफाडसारखं दव तुमच्याकडे पडत असेल तर आणखीच.

•

पोंगा

म्हणजे अर्काच्या नावाखाली आपण पाणी विकत घेत होतो.

•

ओलांडा

मी विकत घेत नव्हतो ना भाऊ, मी घरी करत होतो :)

खरं सांगू, ताईंचा निकाल वाचून आधी वाईट वाटलं. चार ओळी दाखवायला मी गावातली सहा माणसं आणली होती. आता त्यांना पुन्हा बोलवावं लागणार.

पण पुढच्या ऑक्टोबरचं ठरवलंय. बारा ओळी. तीन कोऱ्या, तीन साध्या पाण्याच्या, तीन पानांवर अर्क, तीन ठिबकमधून मुळाशी अर्क. डावणीचं औषध सगळ्यांना सारखं, त्यात आता प्रयोग नाही. ओळी चिठ्ठ्या टाकून ठरवणार, कारण विहिरीकडच्या ओळी तशाही बऱ्या असतात. घड मोजायला काकांना बसवणार आणि त्यांना सांगणार नाही कुठली ओळ कशाची.

•

सूक्ष्मदर्शक

चिठ्ठ्या! मी वर्गात हे समजवायला दोन तास घ्यायचो. बांधाकडची एक-एक ओळ प्रयोगातून सोडून द्या. आणि छाटणीची तारीख इथे टाका, मी येईन बघायला. बसने.

•

कुंडीतली_मिरची

ओलांडा दादा, तुमचा एक बेड रिकामा झाला म्हणालात ना? माझ्या खोक्यात गांडुळं मावेनाशी झालीत. दोन किलो तरी देऊ शकते. रविवारी याल का?

•

ओलांडा

येतो ताई. मार्केटला माल घेऊन यायचंच आहे, परतताना दुपारी.

•

चाळकरी

येताना ओलं गोणपाट घेऊन जा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुदमरतात. मी एकदा मोटरसायकलच्या डिकीतून आणली होती. घरी पोचेपर्यंत अर्क तयार.